एकात्मिक मानसिक आरोग्य सेवा आणि आत्महत्या प्रतिबंध

मनाच्या दुखण्यावरचे उपचार वेगळ्या इमारतीत न ठेवता लोकांच्या रोजच्या वाटेवर आणून ठेवणे म्हणजे एकात्मिक मानसिक आरोग्य सेवा. आशाताईची गृहभेट, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय ही ती वाट. एका टप्प्यावरून दुसऱ्याकडे जाताना माणूस मध्येच हरवू नये, ही तजवीज याच व्याख्येत येते. आत्महत्या प्रतिबंधाच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे. ज्याला सर्वांत जास्त गरज असते तो स्वतःहून मनोविकारतज्ज्ञाकडे जात नाही. आणि गेलाच तर दुसऱ्या खेपेला बहुधा येत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या होत्या, म्हणजे देशात सर्वाधिक. कारणांच्या रकान्यात ‘कौटुंबिक समस्या’ ३१.७ टक्के आणि ‘आजारपण’ १८.४ टक्के दिसते. पोलिसाने पंचनाम्याच्या वेळी लिहिलेले हे एकशब्दी कारण जपूनच वाचावे. कर्ज, नापिकी, दारू, घरातली मारहाण, दुर्धर दुखणे आणि नैराश्य एकाच घरात एकमेकांना धरून असतात. फॉर्मवर रकाना मात्र एकच असतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात दीर्घकाळ मानसिक उपचार म्हणजे ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील चार प्रादेशिक मनोरुग्णालये. ‘येरवड्याला पाठवा’ हा वाक्प्रचार त्यातूनच रूढ झाला, आणि तिथे जाण्याची लाजही. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात बंगळूरच्या ‘निमहान्स’ संस्थेने प्राथमिक केंद्रांतल्या डॉक्टर-कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन उपचार गावाजवळ नेता येतात हे दाखवले. त्याच नमुन्यावर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. तरीही २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य-चिंता यांसारखे नेहमीचे विकार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचाराविना आढळले. डॉक्टर जवळ आला, पण घरातून त्याच्यापर्यंत जाणारी पायवाट कोणी पाडली नव्हती.

विश्राम : अमरावती जिल्ह्यातील प्रयोग

ही पायवाट पाडण्याचा आपल्याकडचा सर्वांत चांगला नोंदवलेला प्रयत्न म्हणजे ‘विश्राम’. ‘विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्रॅम’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून हा मराठी शब्द जुळवला आहे. तो चपखल आहे, कारण कापूसपट्ट्यात ‘नैराश्य’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. लोक म्हणतात : टेन्शन आहे, झोप लागत नाही, डोकं काम करत नाही, कशातच मन लागत नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत हे काम झाले आणि त्याचे निष्कर्ष राहुल शिधये व सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात मांडले.

रचना तीन पायऱ्यांची होती. गावातला प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ता घरोघरी आणि बैठकांतून बोलायचा, त्रासात असलेला माणूस ओळखायचा आणि मानसिक प्रथमोपचार द्यायचा. ज्याला अधिक मदत हवी तो समुपदेशकाकडे जायचा. हा समुपदेशक मानसशास्त्रातला पदवीधर असेलच असे नाही; पण प्रशिक्षण आणि देखरेख पक्की. ज्याला गोळ्यांची गरज त्याच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात मनोविकारतज्ज्ञ येत असे.

अशा कामात एका प्रश्नावर सगळे अडते. नैराश्य मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या तक्त्यात झोप, भूक, थकवा, एकाग्रता असे विचारत विचारत शेवटी नववा प्रश्न येतो. साध्या मराठीत तो असा : गेल्या दोन आठवड्यांत, आपण नसलेलं बरं किंवा स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात आलं का? नव्या कार्यकर्त्याची जीभ इथे अडखळते. नसलेला विचार आपणच डोक्यात घालू अशी त्याला भीती वाटते. संशोधनात तसे आढळलेले नाही. विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बरेचदा माणूस पहिल्यांदाच मोकळा होतो. प्रशिक्षणाचा मोठा भाग हा प्रश्न डोळ्यांत बघून, आवाज न पाडता आणि इतरांना बाजूला बसवून विचारण्याचा असतो. सासू ओट्यावर बसलेली असताना सुनेला तो विचारला, तर उत्तर ‘नाही’ असेच येणार.

समुपदेशनही उपदेशाचे नसते. ‘धीर धरा, मुलाबाळांकडे बघा’ हे त्याला शेजाऱ्यांनी दहादा सांगून झालेले असते. सुटलेली छोटी कामे एकेक करून परत धरायला लावणे, ही एक परिणामकारक पद्धत आहे : सकाळी बांधावर एक चक्कर, गुरुवारी भजनाला जाणे, टाळत आलेला बँकेतला एक कागद पूर्ण करणे. पुढच्या भेटीत काय झाले, काय जमले नाही, एवढेच पाहायचे.

दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. नैराश्याचे प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्के, आणि वर्षभरात आत्महत्येचे विचार आलेल्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्के झाले. तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय कार्यक्रमाला देता येत नाही. शिवाय मोजले गेले ते विचार, मृत्यू नव्हेत. तरी चारातल्या तिघांनी मदत घेतलीच नाही हेही याच आकड्यांत दिसते, आणि पुढच्या कामाला ते अधिक उपयोगाचे आहे.

गोव्याचा दाखला

तुलनेची सोय असलेला पुरावा गोव्यातून मिळतो. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या संस्थेने केलेल्या ‘मानस’ चाचणीत (निष्कर्ष २०१०) सरकारी आरोग्य केंद्रे आणि खाजगी दवाखाने अशा २४ ठिकाणी, बिगर-डॉक्टर समुपदेशक नेमले तर काय होते ते पाहिले. सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांत ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले, नसलेल्या ठिकाणी ४२.५ टक्के. वर्षभराच्या पाहणीत सरकारी केंद्रांच्या रुग्णांत आत्महत्येचे बेत व प्रयत्न ३६ टक्क्यांनी कमी आढळले. खाजगी दवाखान्यांत असा फरक पडला नाही. तिथे रुग्ण मुळातच तितकेच बरे होत होते. ओळखीचा घरगुती डॉक्टर वेळ देऊन बोलतो, हे त्याचे एक संभाव्य कारण मानता येईल.

पाठपुरावा

आधी एकदा प्रयत्न केलेला असणे हा पुढच्या धोक्याचा सर्वांत ठळक इशारा. तालुक्याच्या रुग्णालयात अशा माणसाचा जीव वाचवला जातो, सलाईन उतरते, डिस्चार्ज कार्ड हातात पडते आणि तो एसटीने त्याच घरात परत जातो. यंत्रणेच्या लेखी तो ‘बरा’ झालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने याच फटीवर चेन्नई, कोलंबो, कराज (इराण), युनचेंग (चीन) आणि काम्पिनास (ब्राझील) येथे प्रयोग केला. त्यात १,८६७ व्यक्ती होत्या. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याशिवाय सुमारे तासभर समजावणे आणि नंतर दीड वर्षात फोनने किंवा भेटीने नऊ वेळा चौकशी. २००८ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत आत्महत्येने मृत्यूचे प्रमाण पहिल्या गटात २.२ टक्के, दुसऱ्यात ०.२ टक्के होते. नऊ फोनांचा खर्च किती, याचा हिशेब कोणत्याही जिल्हा रुग्णालयाला चहाच्या बिलाशेजारी मांडता येईल.

इंग्लंड-वेल्समधील १९९७ ते २००६ या काळाच्या अभ्यासातही हाच धागा सापडतो : चोवीस तास तातडीची सेवा देणाऱ्या, घरी सोडलेल्या रुग्णाची सात दिवसांत भेट घेणाऱ्या मानसोपचार सेवांत आत्महत्यांचे प्रमाण कमी झाले.

भारतात १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. तिथे मराठीतूनही बोलता येते. फोन उचलणाऱ्याने पुढे जिल्ह्याच्या पथकाशी गाठ घालून दिली, तरच ती या साखळीचा भाग ठरते. जिवाला तत्काळ धोका असेल, तर माणसाला एकटे न सोडता थेट रुग्णालयात नेणे हाच मार्ग.

कायदा

भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. त्यामुळे रुग्णालयात नातेवाईक ‘चुकून झालं’ असेच सांगत, आणि पाठपुरावा करायचा कुणाचा हेच कळत नसे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम ११५ने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेतून सूट दिली आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ हे कलम उरलेले नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र कलम २२६ खाली गुन्हा आहे. खेड्यात ‘केस होईल’ ही भीती अजून गेलेली नाही.

सेवेच्या पलीकडे

एकट्या समुपदेशनाने सगळे होत नाही. ग्रामीण मराठीत कीटकनाशकालाही ‘औषध’च म्हणतात, आणि ते घरात, हाताशी असते. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथला आत्महत्यांचा दर ७० टक्क्यांहून अधिक घसरला. त्याच देशात घरोघरी कुलूपबंद पेट्या वाटण्याचा मोठा प्रयोग मात्र निष्फळ ठरला.

महाराष्ट्र शासनाने आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ हा शेतकरी समुपदेशन प्रकल्प सुरू केला. आशांनी घरभेटीत तणावाची लक्षणे टिपायची आणि पुढे पाठवायचे, अशी त्याची मांडणी. याच राज्यात शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर तहसिलात ‘पात्र’ की ‘अपात्र’ ही फाईल चालते आणि पात्र ठरल्यास कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. आत्महत्येला पात्रता असते, ही शब्दयोजना सरकारी मराठीलाच सुचू शकते.

शेतकरी हा शब्द इतका पुढे आहे की दुसरा आकडा झाकला जातो. २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या (शेतकरी व शेतमजूर) ११,२९० जणांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या, गृहिणींच्या २५,३०९. गृहिणींची यादी कोणत्याही तहसिलात निघत नाही. आशाताईच्या वहीत मात्र त्यांतल्या बऱ्याच जणींची नावे गरोदरपणाच्या आणि लसीकरणाच्या निमित्ताने आधीच लिहिलेली असतात.