डॉक्टर होण्याआधीची चार वर्षं: अमेरिकेतल्या मेरिट शिष्यवृत्तीची पार्श्वभूमी

अमेरिकेत बारावीनंतर सहसा थेट वैद्यकीय प्रवेश मिळत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं मेडिकल स्कूल. पहिल्या टप्प्यातल्या तयारीला प्री-मेड म्हणतात. फीचा डोंगर दोनदा चढावा लागतो, म्हणूनच स्वस्त कॉलेज शोधण्याला तिथे इतकं महत्त्व आहे.

पूर्वी असं नव्हतं. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या, तेव्हा त्यांच्याकडे आधीची कुठलीही पदवी नव्हती. १८९३ मध्ये बाल्टिमोरला सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स मेडिकल स्कूलने पदवीची अट घातली. १९१० मध्ये शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्स्नर यांच्या मेडिकल कॉलेजांवरच्या अहवालाने हेच स्कूल सर्वांसाठी आदर्श ठरवलं. त्यानंतर अनेक मेडिकल कॉलेजं बंद पडली. दर्जा सुधारला, पण डॉक्टर होण्याची वाट लांबली आणि महागली. कृष्णवर्णीयांच्या सात कॉलेजांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच टिकली. या सुधारणेचं कौतुक करताना ही किंमत विसरता कामा नये.

आता मेरिट शिष्यवृत्तीकडे, म्हणजे गुणांवर मिळणाऱ्या शिष्यवृत्तीकडे वळू. नामवंत कॉलेजं हुशार मुलांना जास्त पैसे देत असतील, असं आपल्याला वाटतं. घडतं नेमकं उलट. आयव्ही लीगची (हार्वर्ड, येल यांसारखी आठ जुनी नामवंत) विद्यापीठं आणि एमआयटी ही तंत्रज्ञान संस्था १९५८ पासून एकत्र बसून प्रवेश मिळालेल्या मुलांना किती मदत द्यायची ते ठरवत. मदत फक्त कुटुंबाची ऐपत पाहून, गुणांवर नाही, हा त्यांचा दंडक होता. १९९१ मध्ये न्याय खात्याने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला, तेव्हा या बैठका थांबल्या. धोरण मात्र आयव्हीने आजही सोडलेलं नाही.

गुणांवर पैसे दिले ते या नामवंतांकडून विद्यार्थी खेचू पाहणाऱ्या इतर कॉलेजांनी. १९७० च्या दशकात, महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी कॉलेजांतून बाहेर पडू लागली आणि पुढे वर्ग रिकामे राहतील अशी भीती पसरली. फी जाहीर करायची मोठी आणि हव्या त्या मुलाला त्यात सूट द्यायची, ही रीत तिथून वाढली. मग राज्यांनीही हात घातला. जॉर्जियाने १९९३ मध्ये लॉटरीच्या पैशातून गुणांवर मिळणारी होप शिष्यवृत्ती सुरू केली. पहिल्या वर्षी कुटुंबासाठी वर्षाला ६६ हजार डॉलर उत्पन्नाची मर्यादा होती. दोन वर्षांत ती साफ काढून टाकली. फ्लोरिडाने १९९७ मध्ये तशीच ब्राइट फ्युचर्स शिष्यवृत्ती आणली. अलाबामा विद्यापीठाने गुणांच्या तक्त्यावर परराज्यातल्या मुलांना इतकी सूट दिली की तिथे त्यांचीच संख्या जास्त झाली.

न्यू जर्सी-टेक्सासमधल्या अनेक मराठी घरांना हा इतिहास थेट लागू पडतो. मदत मिळावी इतकं उत्पन्न कमी नाही आणि सगळी फी भरावी इतकं जास्तही नाही. त्यांच्यासाठी खरा पर्याय मेरिटचाच. आई-वडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असतील तर एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या मुलाला सरकारी मदत किंवा सरकारी कर्ज मिळत नाही. विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती काही ठिकाणी मिळू शकते. शिवाय अनेक मेडिकल स्कूल ग्रीन कार्डाशिवाय अर्ज घेत नाहीत.

आणखी एक गोष्ट पालकांनी नीट वाचायला हवी: नूतनीकरणाची, म्हणजे शिष्यवृत्ती पुढे चालू राहण्याची अट. होपसाठी कॉलेजातही ३.० जीपीए (४ पैकी सरासरी गुणांक) टिकवावा लागतो. सेंद्रिय रसायनशास्त्रासारखा विषय अवघड गेला तर शिष्यवृत्तीही धोक्यात आणि मेडिकलचा प्रवेशही. म्हणून पैशांइतकंच आधार देणारं कॉलेज बघावं. मेरीलँडमधल्या यूएमबीसी विद्यापीठात १९८८ मध्ये सुरू झालेल्या मेयरहॉफ कार्यक्रमाने हे उत्तम दाखवलं. गटाने अभ्यास, मार्गदर्शक आणि प्रयोगशाळेतलं काम शिष्यवृत्तीच्या सोबतीला आलं. तो संशोधक घडवण्यासाठी असला तरी प्री-मेडच्या मुलांनाही हेच लागतं.

पदवीच्या काळात पैसे वाचवण्याची गरज आता वाढली आहे. २००६ पासून ग्रॅड प्लस या सरकारी कर्जातून मेडिकलचा जवळजवळ सगळा खर्च भागवता येत असे. जुलै २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ते बंद ठरवलं आणि मेडिकलसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख डॉलरची मर्यादा घातली. त्यावरचा खर्च खासगी कर्जातून, मेडिकल स्कूलच्या मदतीतून किंवा घरच्या शिलकीतून भागवावा लागेल.