जपानी निसर्गदृश्यांची मुद्राचित्रे : प्रतीची पारख आणि मूल्यांकन

मूल्यांकनासाठी चित्र घेऊन येणारे ग्राहक प्रथम ‘हे खरे आहे का?’ असे विचारतात. जपानी वुडब्लॉक प्रिंटच्या, म्हणजे कोरलेल्या लाकडी ठशांवरून कागदावर छापलेल्या चित्राच्या बाबतीत हा प्रश्न अपुरा पडतो, कारण त्याच लाकडी ठशांवरून चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरही प्रती काढल्या गेल्या आहेत. त्या सर्व खऱ्याच असतात. किमतींत मात्र मोठी तफावत असते. चित्रावर छापलेला सन बहुधा रचनेचा असतो, छपाईचा नव्हे.

हिरोशी योशिदा (१८७६-१९५०) यांनी १९३०-३१ मधील भारतभेटीनंतर ताजमहालाची, तसेच अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांची मुद्राचित्रे केली. साहजिकच आपल्याकडे त्यांची विचारणा अधिक होते. त्यांच्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतीच्या डाव्या समासात ‘जिझुरी’ हा शिक्का असतो. शब्दशः अर्थ ‘स्वतः छापलेले’ असला, तरी प्रत्यक्ष छपाई कुशल कारागीर करीत असत. मरणोत्तर प्रतींवर हा शिक्का सहसा नसतो आणि पेन्सिलीच्या सहीसारखी दिसणारी सही पुष्कळदा छापलेली असते. भिंगाखाली शिशाची चमक दिसते की नाही, हे आम्ही आधी पाहतो.

कावासे हासुई (१८८३-१९५७) यांच्या चित्रांत प्रकाशकाचा शिक्का निर्णायक ठरतो. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर तोक्योत लागलेल्या आगीत प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांचे ठसे आणि शिल्लक प्रती जळाल्या, म्हणून त्यापूर्वीच्या प्रती दुर्मीळ आहेत. सुमारे ६ मिलिमीटरचा लहान गोल शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतरच्या छपाईचा असल्याने, तो असलेली प्रत ‘युद्धपूर्व’ म्हणून विकली जात असेल, तर ती त्या भावाने घेऊ नये.

होकुसाई आणि हिरोशिगे या एकोणिसाव्या शतकातील चित्रकारांच्या नावाने येणाऱ्या बहुतेक प्रती पुढे नव्याने कोरलेल्या ठशांवरून छापलेल्या, किंवा निव्वळ ऑफसेटच्या (यंत्रावरील छपाईच्या) असतात. ऑफसेटचे बारीक ठिपके भिंगातून लगेच दिसतात. हाताने छापलेल्या प्रतीत रंग कागदात मुरून बहुधा मागील बाजूसही उमटतो.

प्रतीची अवस्था तितकीच महत्त्वाची आहे. कापलेले समास, उन्हाने विटलेला निळा रंग आणि पाठीमागे पुठ्ठ्याला चिकटवलेला कागद यांमुळे किंमत बरीच घटते. आपल्याकडील पावसाळ्यात दमटपणामुळे कागदावर तांबूस डाग पडतात, म्हणून चित्र बाहेरील भिंतीवर लावू नये व माउंट (फ्रेममध्ये चित्राला लावलेला पुठ्ठा) आम्लरहित असावा.

मूल्यांकनासाठी आणताना चित्र स्वतः फ्रेममधून काढू नये, डाग पुसू नयेत आणि मागील जुनी लेबले तशीच ठेवावीत. केवळ छायाचित्रावरून आम्ही लेखी किंमत देत नाही.