बॉन : गुरांचा कोट, सनदेतली अट, मासळीचं खळं

आयरिश ‘बावून’ या शब्दाची फोड सहसा ‘बो’ म्हणजे गाय आणि ‘दून’ म्हणजे कोट अशी देतात. इंग्रजीत त्याचा ‘बॉन’ झाला. गुरांचा वाडा आणि सरदाराचाही वाडा, हे मराठीला नवं नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकात उंच, मनोऱ्यासारख्या गढ्यांभोवती असं तटबंद आवार असे. ऐपत गाईंवर मोजली जाई आणि धाडी पडत त्याही गाईंसाठीच. म्हणून रात्री गुरं आत.

घोळ झाला तो अल्स्टरच्या वसाहतीत, म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेत स्थानिक आयरिशांची जमीन काढून इंग्रज-स्कॉटिश वसाहतकऱ्यांना अटींवर वाटली गेली तेव्हा. 1609-10 च्या अटींनुसार 2,000 एकर घेणाऱ्याने गढी आणि भोवती बॉन, 1,500 एकरवाल्याने दगडविटांचं घर आणि बॉन, 1,000 एकरवाल्याने निदान बॉन तरी बांधायचा होता. शब्द होते ‘भक्कम आवार किंवा बॉन’. त्या ‘किंवा’ने गाय बाहेर काढली. भिंत किती उंच, कशाची, बुरूज किती, हे मोघमच राहिलं. मग 1618-19 च्या पाहणीत काय काय बॉन म्हणून नोंदलं गेलं! कुठे चुन्यात बांधलेला दगड, कुठे मातीतला दगड आणि वरून चुन्याचा गिलावा, कुठे नुसती गवतासकट कापलेली ढेकळं. सततच्या पावसात गिलावा सुटला की सांध्यांतली माती धुपते, भिंत फुगते आणि ढासळते. कागदावर अट मात्र पुरी झालेली. जमीन ज्यांची गेली, त्यांचाच शब्द त्यांना बाहेर ठेवणाऱ्या भिंतीला चिकटला, हे पाहणीत कुठे येत नाही.

नीट बांधलेला बॉन साधारण 60 ते 100 फूट चौरस आणि 10 ते 14 फूट उंच. दोनच बुरूज परवडत असतील तर ते कर्णावरच्या कोपऱ्यांत हवेत. प्रत्येकाच्या जंग्यांतून, म्हणजे मारा करायच्या भोकांतून, दोन भिंतींच्या पायथ्याशी मारा होतो आणि चारही बाजू झाकल्या जातात. दोन्ही एकाच बाजूला घेतले, तर मागची भिंत उघडी पडते. उत्तर आयर्लंडमधल्या बेलाहीच्या बॉनचा गोल बुरूज आजही पाहता येतो.

गावांच्या नावांत आणखी गुंता आहे. ‘बान’ म्हणजे पांढरा, तसंच न नांगरलेलं गवताळ रान. इंग्रजी लेखणीत तोही ‘बॉन’च. बॉनबॉयमधला बॉन कोटाचा, ‘कॉलीन बॉन’मधला गोऱ्या मुलीचा. इंग्रजी स्पेलिंगवरून अर्थ लावू नये, मूळ आयरिश नाव पाहावं.

आयर्लंडच्या आग्नेय भागातून गेलेल्या लोकांबरोबर शब्द कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला पोचला. तिथे बॉन म्हणजे खारवलेला कॉड वाळवायचं खडकाळ खळं. दिवसा मासा मांसाची बाजू वर करून पसरायचा, संध्याकाळी कातडी वर करून ढीग घालायचा. ऊन फार कडक असेल तर पसरायचाच नाही, कारण तापलेल्या दगडावर मांस शिजतं आणि मासा हातात घेताच तुकडे पडतात.