मूल नेमके कुठे अडले आहे?

“पुस्तके मिटा, वह्या काढा, कालच्या गणिताखाली रेघ मारा, आजची तारीख घाला आणि फळ्यावरचे तिसरे गणित सोडवायला घ्या,” असे शिक्षक एका दमात सांगतात आणि बहुतेक मुले कामाला लागतात. एक मुलगी मात्र पुस्तक मिटते, वही काढते, रेघ मारते आणि मग पेन हातात धरून शेजारणीच्या वहीत डोकावते. तिचे लक्ष नसते, असा शेरा तिच्या वाट्याला येण्याचीच शक्यता अधिक. प्रत्यक्षात तिने सूचनेचा पहिला भाग तंतोतंत पाळलेला आहे. पुढचा भाग तिच्या मनात टिकलाच नाही.

माहिती थोडा वेळ मनात धरून ठेवायची आणि त्याच वेळी ती वापरून काम करायचे, ही क्षमता म्हणजे कार्यरत स्मृती. मोठ्या माणसांची कार्यरत स्मृतीही एका वेळी साधारण चारच गोष्टी पेलू शकते, असे नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये मांडले. लहानपणी ती आणखी तोकडी असते, वयाबरोबर वाढत जाते आणि एकाच वयाच्या मुलांमध्येही ती सारखी नसते. म्हणून सूचना एका वेळी एक किंवा दोनच द्याव्यात आणि बाकीच्या क्रमांक घालून फळ्यावर लिहून ठेवाव्यात. हे त्या मुलीसाठी करायचे असले, तरी त्यामुळे इतर कोणाचेही नुकसान होत नाही. वर्गात करण्याजोगे बहुतेक बदल याच जातीचे असतात.

मुलांमधले फरक ओळखण्याची एक लोकप्रिय पद्धत मात्र बाजूला ठेवायला हवी. काही मुले ‘पाहून’ शिकणारी, काही ‘ऐकून’ शिकणारी आणि काही ‘हाताने करून’ शिकणारी असतात, तेव्हा प्रत्येकाला त्याच्या शैलीने शिकवावे, असे प्रशिक्षणांतून अजूनही सांगितले जाते. हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा शैली जुळवून शिकवल्याने शिकणे सुधारते असे म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. मुलांच्या आवडीनिवडी असतात, हे खरेच आहे. पण नकाशा सर्वांनाच पाहावा लागतो आणि कवितेची लय सर्वांनाच ऐकावी लागते. कोणते माध्यम वापरायचे हे मुलाच्या शिक्क्यापेक्षा विषयावर अधिक अवलंबून असते. मुलावर ‘ऐकणारा’ असा शिक्का मारून त्याच्यापुढून आकृती काढून घेणे हा तर त्याच्यावर अन्यायच आहे.

खरा आणि मोठा फरक असतो तो पूर्वज्ञानाचा. १/२ + १/३ याचे उत्तर एखादा मुलगा २/५ असे लिहितो. वरच्या अंकांची बेरीज वर, खालच्यांची खाली, असा त्याचा हिशेब असतो. त्याला छेद समान करण्याची रीत पुन्हा एकदा घोकायला लावून फारसे साधत नाही. त्याच्या हातात कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या द्याव्यात, एकीचा अर्धा भाग आणि दुसरीचे दोन पंचमांश रंगवायला सांगावेत आणि विचारावे, “अर्ध्यात भर घातली, तर उत्तर अर्ध्याहून कमी कसे आले?” त्याची अडचण बेरजेत नाही, अपूर्णांक ही एकच संख्या आहे हे न उमगण्यात आहे, हे त्या एका प्रश्नातून शिक्षकालाही कळते आणि त्यालाही.

अशा मुलांना नवा घटक शिकवताना सोडवून दाखवलेल्या उदाहरणांचा आधार मोलाचा ठरतो. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत, सोडवलेली उदाहरणे अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांनी नंतर तशीच गणिते अधिक लवकर आणि कमी चुका करत सोडवली. मात्र ज्याला रीत आधीच येते, त्याला हाच आधार निरुपयोगी, प्रसंगी अडथळाही ठरतो. म्हणून पहिले उदाहरण पूर्ण सोडवलेले द्यावे, दुसऱ्यातली शेवटची पायरी रिकामी ठेवावी, तिसऱ्यातल्या दोन. आणि ज्यांना जमते आहे त्यांना थेट कोऱ्या गणिताकडे पाठवावे.

वाचनाची अडचण निराळी. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला अक्षरे आणि ध्वनी यांची सांगड घालायला कष्ट पडतात, त्यामुळे वाचन संथ आणि दमवणारे होते. त्याचा बुद्धीशी संबंध नसतो. शाब्दिक गणित त्याला वाचून दाखवले आणि त्याने ते सोडवले, तर अडथळा गणिताचा नव्हता हे उघड होते. विज्ञानाच्या तासाला तोंडी उत्तर घेणे किंवा जास्त वेळ देणे याला सवलत म्हणण्यापेक्षा योग्य मोजमाप म्हणावे. भाषेच्या तासाला मात्र वाचून दाखवण्यावर भागवू नये. तिथे ध्वनी आणि अक्षर यांची जोडणी त्याला पायरीपायरीने, सरावासह शिकवायलाच हवी.

राहिला प्रश्न विचारण्याचा भाग, ज्याला काहीच खर्च नाही. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असे दिसले. ही विश्रांती तीन सेकंद किंवा त्याहून अधिक केल्यावर उत्तरे लांबली, ‘माहीत नाही’ कमी झाले आणि एरवी गप्प बसणारी मुले अधिक बोलू लागली. शांत वर्गात तीन सेकंद फार लांब वाटतात, म्हणून मनातल्या मनात आकडे मोजावेत. त्याहून बरे म्हणजे सर्वांना आधी उत्तर वहीत लिहायला सांगावे, मग शेजाऱ्याला दाखवू द्यावे आणि त्यानंतरच कोणाचे तरी नाव घ्यावे. तोवर सावकाश विचार करणाऱ्या मुलापाशीही वाचून दाखवायला एक ओळ तयार असते.