इटालियन की स्पॅनिश: बी३ वरच्या उंटाचा प्रश्न

पुण्यात सुट्टीच्या दिवशी होणाऱ्या बुद्धिबळाच्या रॅपिड (कमी वेळाच्या) स्पर्धेत दहाव्या चालीच्या सुमारास पटाजवळून जाणाऱ्या पालकाला इटालियन आणि स्पॅनिश या दोन ओपनिंगमधला (डावाच्या सुरुवातीच्या ठराविक चालींमधला) फरक सहसा ओळखता येत नाही, कारण दोन्हींत पांढऱ्याचा उंट बी३ वर जाऊन बसलेला असू शकतो. सुरुवातही सारखीच होते: ई४ ई५, घोडा एफ३, घोडा सी६ (अक्षर-आकडा म्हणजे पटावरचे घर; मोहऱ्याचे नाव नसेल तर चाल प्याद्याची). तिसऱ्या चालीला उंट सी४ वर आला तर इटालियन, बी५ पर्यंत गेला तर स्पॅनिश.

सी४ वरच्या उंटाची नजर एफ७ वर असते आणि त्या प्याद्याला केवळ राजाचा आधार असतो. बी५ वरचा उंट मात्र ई५ राखणाऱ्या घोड्यावर दाब आणतो. हा दाब सावकाशीचा आहे. काळ्याने ए६ खेळल्यावर पांढऱ्याने लगेच घोडा मारून ई५ चे प्यादे घेतले, तर काळ्याचा वजीर डी४ वर येऊन घोडा आणि ई४ चे प्यादे यांवर एकदम हल्ला करतो व प्यादे परत मिळवतो.

मग ओळखायचे कसे? काळ्याची बाजू पाहावी. स्पॅनिशच्या मुख्य प्रवाहात ए६ आणि बी५ या चालींनी उंटाला हुसकावलेले असते. त्यामुळे काळ्याला वजिराच्या बाजूला जागा मिळते, पण पांढऱ्यालाही ए४ खेळून त्या प्याद्यांना धक्का देता येतो. इटालियनच्या संथ प्रकारात उंट स्वखुशीने मागे आलेला असतो, काळ्याचे बी-प्यादे बहुधा घरीच असते आणि पांढऱ्याचे डी-प्यादे डी३ वर थांबलेले दिसते.

रॅपिडमध्ये प्रत्येकाला १० मिनिटांहून अधिक, पण ६० मिनिटांहून कमी वेळ असतो. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात झालेली, कोनेरू हंपीने जिंकलेली महिला ग्रांप्री स्पर्धा दीर्घ डावांची होती. तिथे विसरलेली चाल पटावर बसून शोधण्याइतकी उसंत मिळते. रॅपिडमध्ये ती नसते, म्हणून नवख्याने इटालियन निवडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तरीही तिला निरुपद्रवी समजू नये. काळ्याने तिसऱ्या चालीला घोडा एफ६ खेळला, पांढऱ्याचा घोडा जी५ वर आला आणि डी५ वरच्या मारामारीनंतर काळ्याने सवयीने घोड्याने प्यादे परत घेतले, तर पांढरा एफ७ वर घोड्याचा बळी देतो आणि काळ्याचा राजा ई६ पर्यंत ओढला जातो. त्याऐवजी घोडा ए५ वर नेऊन उंटाला छेडणे हाच रूढ उपाय आहे.

स्पॅनिशमधला धोका उलट जातीचा असतो. व्लादिमिर क्रामनिकने २००० साली लंडनला जगज्जेतेपदाच्या लढतीत कास्पारोव्हविरुद्ध वापरलेल्या बर्लिन बचावात (स्पॅनिशला काळ्याने द्यायच्या एका उत्तरात) आठव्या चालीलाच वजीर पटावरून जातात आणि हल्ल्याच्या तयारीने बसलेल्या पांढऱ्याला उरलेली मिनिटे अंतिम टप्प्याचा खेळ खेळण्यात घालवावी लागतात.