शेवटच्या दहा सेकंदांचं पाणी

मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात डिशवॉशरच्या बगलेला किंवा टेबलाखाली स्टीलची एक पेटी बसवलेली असते. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही, आणि बंद पडेपर्यंत मॅनेजरलाही तिची आठवण होत नाही. आत पाण्याची छोटी टाकी आणि तीत विजेच्या जाड कॉइल. हा बूस्टर हीटर. इमारतीच्या बॉयलरकडून आलेलं साधारण ६० अंश सेल्सिअसचं पाणी तो ८२ अंशांच्या वर नेतो, तेही फक्त शेवटच्या विसळण्यापुरतं.

हाताने भांडी घासणाऱ्याला ४५ अंशांच्या पुढचं पाणी फार वेळ सोसवत नाही. ई. कोलाय जिवाणू जवळपास तिथपर्यंत मजेत वाढतो. म्हणजे हाताला सोसेल अशा पाण्याने जंतू मरत नाहीत, साबणाबरोबर वाहून जातील तेवढेच कमी होतात. भांडी धुण्यातून हात बाजूला झाला तेव्हा कुठे कढत पाण्याला वाव मिळाला. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिलच्या जोसेफीन कॉक्रन यांनी १८८६ मध्ये भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पण त्यांचं यंत्र घरांपेक्षा हॉटेलांनीच जास्त उचललं, कारण यंत्राला लागेल इतकं गरम पाणी त्या काळी बहुतेक घरांत नव्हतंच.

जंतू मारायला तापमान आणि वेळ दोन्ही लागतात. एक वाढवलं की दुसरं कमी चालतं. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध साधारण ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवलेलं असतं. यंत्रात विसळण्याला मिळतात जेमतेम दहा-बारा सेकंद. अमेरिकेच्या अन्नसुरक्षा संहितेनुसार तेवढ्या वेळात भांड्याचा पृष्ठभाग ७१ अंशांपर्यंत पोचला पाहिजे, आणि त्यासाठी बहुतेक यंत्रांत फवाऱ्यात शिरणारं पाणी किमान ८२ अंशांचं हवं. मधले अकरा अंश थेंब हवेतून जाताना आणि भांडं तापवताना खर्ची पडतात. मग ९५ अंशांचं पाणी का मारू नये? कारण ९० च्या पुढे फवाऱ्याची वाफ आणि धुकं व्हायला लागतं आणि उष्णता ताटापर्यंत पोचण्याआधीच उडून जाते. म्हणून संहितेने वरची मर्यादाही ९० वरच बांधली आहे.

आता सगळ्या इमारतीतच ८२ अंशांचं पाणी खेळवलं तर? ६० अंशांचं पाणी अंगावर पाच-सहा सेकंद राहिलं तरी कातडी खोलवर भाजते. ८२ अंशांना तेवढाही अवधी लागत नाही. शिवाय लांबलचक पाइपांतून उष्णता निसटत राहणार ती वेगळीच. त्यापेक्षा शेवटचे चार लिटर यंत्राच्या दारात तापवलेले बरे.

हिशेब सोपा आहे. एका रॅकला, म्हणजे भांडी रचून यंत्रात सरकवायच्या जाळीदार ट्रेला, चार लिटर, तासाला साठ रॅक, आणि पाणी २२ अंशांनी चढवायचं. सरासरी सहा किलोवॅट लागतात, म्हणजे घरातले दोन किलोवॅटचे तीन गिझर. पण ते चार लिटर दहा सेकंदांत सोडायचे असतात. वाहतं पाणी तेवढ्या वेगाने तापवायला सदतीस किलोवॅट, म्हणजे अठरा गिझर लागतील. छोटी टाकी असते ती यासाठीच: एका रॅकचं धुणं चालू असताना पुढच्या विसळण्याचं पाणी तापत राहतं.

गोची होते ती इथेच. २२ अंशांच्या हिशेबाने घेतलेल्या बूस्टरला ६० ऐवजी ४५ अंशांचं पाणी मिळालं, तर ऐन गर्दीत तो ६७ पर्यंतच पोचणार. पावसाळ्यात सौरबंबावर चालणाऱ्या हॉटेलात हे सहज घडू शकतं. दुपारी चार वाजता, यंत्र निवांत असताना, टाकीला भरपूर वेळ मिळतो आणि काटा इमानदारीने ८२ दाखवतो. म्हणून तपासणी करायची तर जेवणाच्या गर्दीत, सलग दहा रॅक निघाल्यावर करावी. माझा भरवसा काट्यापेक्षा ताटाला चिकटवायच्या पट्टीवर जास्त आहे. ७१ अंश गाठले की ती काळी पडते आणि काळीच राहते.

बोअरवेलचं जड पाणी असेल तर आणखी एक दुखणं. पाणी तापलं की त्यातला चुना कॉइलवर पांढऱ्या पापुद्र्यासारखा धरतो. मग कॉइल आतून तापून जळते आणि पाणी मात्र कोमटच राहतं. बूस्टरच्या आधी सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं उपकरण, बसवायला टाळाटाळ करणं ही मला खोटी काटकसर वाटते.

बूस्टर नकोच असेल तर क्लोरीनवर चालणारी कमी तापमानाची यंत्रं मिळतात. वीज वाचते, पण रसायनाची मात्रा सतत तपासावी लागते, चांदीची भांडी काळवंडतात आणि ताटं ओली निघतात. गरम विसळणीतून निघालेली चिनी मातीची जाड बशी मात्र अंगच्या उष्णतेने थोड्याच वेळात आपोआप सुकते. प्लास्टिकचे पेले तेवढी उष्णता धरून ठेवत नाहीत, म्हणून ओलेच राहतात, आणि मग कुणीतरी खांद्यावरचं फडकं काढतं. त्याच अमेरिकी संहितेत ओली भांडी कापडाने पुसायला मनाई आहे. हवेवर पूर्ण सुकलेल्या काट्या-चमच्यांना चकाकी आणायची असेल तर स्वच्छ, कोरडं कापड चालतं.