पटनोंदणी वाढणे आणि मुले शाळेत टिकणे: अंतर आणि सुविधांचा परिणाम दोन्हींवर सारखा नसतो

शाळांच्या सोयींविषयीच्या अहवालांत आणि चर्चांत एक विधान हमखास आढळते: शाळा वस्तीजवळ आली, इमारत उभी राहिली, पट वाढला, म्हणजे मुले शाळेत टिकू लागली. यातले पट वाढणे हे नोंदणीविषयी आहे आणि शेवटचा निष्कर्ष टिकण्याविषयी. या दोन्ही गोष्टी एकच मानून शाळा बांधल्या जातात, बंद केल्या जातात आणि यशाचे आकडेही जाहीर होतात. हा घोळ इतक्या वेळा वाचनात आला आहे की तो एकदा नीट सोडवून मांडावा असे वाटते.

पटनोंदणी सर्वांनाच ठाऊक आहे. वर्षाच्या आरंभी मुलाचे नाव पटावर चढले की ती झाली. टिकणे मोजायचे असेल तर मात्र एकाच वर्षी पहिलीत आलेला गट धरून ठेवावा लागतो आणि त्यातली किती मुले पाचवीत, आठवीत, दहावीत पोहोचली हे पाहावे लागते. यंदाचा पट गेल्या वर्षीच्या पटाशी ताडून पाहिल्याने गळतीविषयी काहीच कळत नाही, कारण वरच्या वर्गांतून मुले गळत असताना पहिलीत नवी मुले येत राहिली तर एकूण संख्या जशीच्या तशी दिसते. दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलेले मूल गळतीत धरू नये, आणि पटावर नाव असूनही महिनोन्महिने वर्गात न दिसणारे मूल टिकले असे मानू नये. एवढे समजले की मोजमापाचा प्रश्न संपतो.

खरी गल्लत अंतराविषयी होते. मूल शाळेत दाखल होईल की नाही हे बहुतांशी आज समोर असलेल्या शाळेच्या अंतरावर ठरते. ते टिकेल की नाही हे मात्र पुढच्या टप्प्याची शाळा किती दूर आहे यावर फार मोठ्या प्रमाणात ठरते. अंगणासमोरची शाळा पाचवीपर्यंतच असेल आणि सहावीसाठी ओढा ओलांडून चार किलोमीटर चालावे लागत असेल, तर अंगणासमोरच्या शाळेने नोंदणी शंभर टक्के करून दिली तरी गळती पाचवीच्या शेवटी ठाण मांडून बसलेलीच असते. मुले वर्षाच्या मध्यावर जेवढी शाळा सोडतात, त्याहून अधिक ती शाळा बदलण्याच्या वेळी सुटतात, आणि हे सुटणे सुट्टीच्या काळात घडत असल्यामुळे ते कोणत्याही वर्गशिक्षकाच्या नजरेस येत नाही. जुन्या शाळेच्या लेखी मूल उत्तीर्ण होऊन गेलेले असते आणि नव्या शाळेच्या लेखी ते कधी आलेलेच नसते.

इंडोनेशियाने १९७३ ते १९७८ या काळात ६१,००० हून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो यांच्या २००१ मधील अभ्यासानुसार दर हजार मुलांमागे एक शाळा वाढल्याने मुलांचे शिक्षण सरासरी ०.१२ ते ०.१९ वर्षांनी वाढले. शाळा जवळ आणल्याने लाभ होतो, याविषयी शंका नाही. पण हा लाभ प्रामुख्याने प्राथमिक टप्प्यातला होता. याच्या जोडीला बिहारचे उदाहरण ठेवावे. तेथे २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यात आले. या योजनेमुळे माध्यमिक वर्गांतील मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, आणि हा परिणाम प्रामुख्याने त्या गावांत दिसला जेथे माध्यमिक शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होती. आठवीनंतर तुटणारा धागा पुढच्या शाळेच्या अंतरामुळे तुटत होता, हे याहून स्पष्टपणे दाखवणे कठीण आहे.

आपल्या नियमांतही हीच फट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालील केंद्राच्या नमुना नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर ही मर्यादा सांगितली. कायद्याचे संरक्षण वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतच असल्यामुळे नववीची शाळा किती दूर असावी याविषयी तो कायदा काहीच म्हणत नाही. शिवाय हे किलोमीटर नकाशावरचे असतात. पावसाळ्यात बंद होणारी वाट किंवा एकट्या मुलीने ओलांडायचा महामार्ग त्यांत मोजला जात नाही. लहान शाळा बंद करून मुलांना मोठ्या शाळेत पाठवण्याचे प्रस्ताव याच नकाशावर आखले जातात, म्हणून वाहतुकीची हमी लेखी नसेल तर अशा प्रस्तावांना माझा ठाम विरोध आहे.

सुविधांविषयी थोडक्यात सांगता येते. रंगवलेली भिंत आणि नवे प्रवेशद्वार यांनी पालकांचे मन पहिलीच्या प्रवेशासाठी वळू शकते, पण मोठ्या मुलींना टिकवते ते वापरता येणारे स्वतंत्र स्वच्छतागृह. भारतातील शाळांमधील स्वच्छतागृहांवरील अभ्यासात असे आढळले की लहान वयात सामाईक स्वच्छतागृहानेही नोंदणी वाढते. वयात आलेल्या मुलींच्या बाबतीत मात्र ते पुरत नाही, स्वतंत्रच लागते. तरीही तपासणीच्या तक्त्यात बऱ्याचदा ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढेच दोन रकाने असतात. दाराला आतून कडी नाही, किल्ली कार्यालयात मागावी लागते, मधल्या सुट्टीनंतर टाकीत पाणी उरत नाही, अशा स्वच्छतागृहापुढेही ‘आहे’ असेच लिहिले जाते. त्या रकान्याऐवजी, आज दुपारी मुलींनी ते वापरले का, हा प्रश्न तपासणीत विचारला जावा, आणि त्याचे उत्तर मुलींकडूनच घेतले जावे.